गाळ मोजताना

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात
चिंचटोल्याच्या तलावाने तळ दाखवला.
माझ्याकडे तहसिलातली तीस मीटरची टेप,
गाळाची खोली लिहायचा तक्ता,
आणि वाट दाखवायला भागरता दिघोरे.
धंदा मासेमारी. वय: "लिहा काईबी."

काठाशी भेगा बारीक.
चिखलाचे पापुद्रे कडांनी वर वळलेले,
पायाखाली कुरकुरतात.
बगळ्याची तीन बोटं, म्हशीचा खूर,
एका सायकलची वाट,
जिने अर्ध्यात विचार बदलला.
आत जावं तशी ढेकळं मोठी होत जातात,
भेगा रुंद.
पाणी जिथे शेवटपर्यंत राहिलं
तिथेच भुई सगळ्यात जास्त फाटली आहे.
हे लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

भागरता पुढे.
जमीन कोरडी ठणठणीत,
तरी तिचा पाय उचलत नाही, सरकतो.
आधी अंगठा चाचपतो, मग टाच.
जन्मभर पाण्याखाली जे पायांनी ओळखलं
ते आज समोर उघडं पडलंय,
आणि डोळ्यांवर तिचा भरवसा नाही.
"हे मोहाचं खुंट.
माह्या सासऱ्याचं जाळं यानंच फाडलं.
मले वाटे, लय मोठं असन."
हातभर खुंट. त्यावर शेवाळ
वाळून केसांसारखं.

मग ती बसते, एका भेगेत हात घालते,
कोपरापर्यंत.
"थंड हाय."
मुठीत तीन घोंगे येतात,
तोंडाची झाकणं गच्च.
एक स्वतःच्या कानाशी हलवते, एक माझ्या.
मला काही ऐकू येत नाही.
"झोपले," म्हणते,
आणि ज्या भेगेतून काढले तिच्यातच
एकेक अलगद ठेवते, तोंड खाली करून.
वरून चिमूटभर माती.

तुडुमापासून मी टेप सोडतो.
वाऱ्याने ती फडफडते, ढेकळात अडकते.
तिचं माप वेगळं चाललेलं:
"इथं गुडगा."
दहा-बारा पावलं. "इथं कंबर."
मग जरा डावीकडे,
जिथे मला चहूकडे सारखाच
करडा चिखल दिसतो,
ती थांबते.
"गळा."

तिची हनुवटी वर जाते,
दोन बोटं.
एक हात डोक्यावर,
तिथे नसलेली टोपली सावरत.
देवधानाच्या वाळल्या काड्या
तिच्या घोट्याशी वाजतात.

पाळीवरून कुणीतरी हाक मारतं,
भागरते, ओ भागरते.

ती ओ देत नाही.
तोंडात पाणी जाईल.