एक दाबा, दोन दाबा

मंगळवारी सकाळी अकराला
फोनमधली बाई बोलते.
नाव सांगत नाही,
मीच तिला शारदाक्का म्हणते.
"तुम्हाला पाचवा महिना सुरू आहे.
बाळाला आता आवाज ऐकू येतात."
येत असतील की ओ.
पानावर कात्री चालते ती,
मागच्या गल्लीतले माग,
आणि अत्तम्मा, जी तेलुगूत पुटपुटते
की आमच्या वेळी आम्हाला कोण सांगत होतं.

आशाताई महानंदानं ॲप घालून दिलं.
दर आठवड्याला बाळ एवढं एवढं म्हणून
एक फळ दाखवतं.
लिंबू झालं, पेरू झाला.
पपई आली त्या दिवशी
अत्तम्मानं फोन पालथा घातला
आणि दृष्ट काढली. माझी नाही, फोनची.

फोन घरात एकच.
दुपारी अंबादास घेऊन जातो कारखान्यात,
चार मागांमधनं टॉवेलांमागं फिरतो,
आणि रात्री ॲप मला म्हणतं,
"आज नऊ हजार पावलं! शाब्बास, स्वरूपा!"
मी सुपापासनं उठले ते दोनदा.

लोहाच्या गोळीचा गजरही त्याच्याच खिशात.
खटखटीत ऐकू येत नाही,
मांडीला थरथर कळते.
"माझ्या खिशात लाथ मारतंय बघ," म्हणतो,
आणि पाळी सुटल्यावर बाराला येऊन
मला उठवतो. गोळी. तांब्या.
आठ ग्लास पाण्याचे आठ गोल आहेत,
नळाला पाणी येतं त्या दिवशी
आठही निळे होतात.
मधल्या चार दिवसांचं
शारदाक्काला मी सांगत नाही.

सातव्यात तिनं विचारलं,
"घरात कुणी तंबाखू वापरतं का?
होय असेल तर एक दाबा.
नाही असेल तर दोन."

कुणी खात नाही.
कुणी ओढत नाही.
सूप माझ्या मांडीवर, त्यात पाव किलो,
नखांत, पदरात, शिंकेत,
रोजच्या हजार विड्या.
याला कुठलं बटन, अक्का?
मी अंगठा धरून बसले.
"आपण उत्तर दिलेलं नाही," ती म्हणाली,
पुन्हा विचारलं, तस्संच, न रागावता,
आणि फोन बंद झाला.

अत्तम्माला मराठी येत नाही म्हणे.
संध्याकाळी काही न बोलता
तिनं सूप आपल्याकडं ओढलं.
"पानं तू काप. दारात बस, वाऱ्याला."
तीन पोरं तिनं याच सुपापाशी वाढवली,
चौथ्याचं ती कधी बोलत नाही.

आता सातशेच होतात.
कारखानदार वहीत बघतो, मग माझ्या पोटाकडं.
तीनशेचं काय, ते विचारायला
ॲपमध्ये जागा नाही.

आज मंगळवार. अकरा वाजले.
फोन वाजला की पोटात हालचाल होते,
ओळखतंय बहुतेक तिला.
वाजू दे अजून दोनदा.
थांब गं अक्का,
साबणानं हात धुऊन येते.