तेरावा खांब

कॅल्टन टेकडीवर वारा असा
की बोललेलं अर्धं समुद्राकडे जातं.
तडे मोजायला मी, बुजवायला लॅकलन,
चाळीस वर्षं दगड घडवलेला,
रविवारी चर्चमध्ये खालच्या पट्टीत गाणारा.
खांबाला पाठ लावून तो सँडविच खातो.
म्हणतो, सरळ वाटतो ना? नाहीये.
मध्ये किंचित फुगवलाय.
ओळंब्यात सरळ घडवला असता
तर पोट खपाटीला गेल्यासारखा दिसला असता.

मी हात फिरवते. काळवंडलेला दगड,
गार, खरबरीत. तळव्याला काही कळत नाही.

अब्बा मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर
आधी कानस चालवायचे, मग काचेचा तुकडा,
शेवटी नुसता अंगठा.
सपाट ठेवली तर तार लगेच विझते, म्हणायचे,
फार गोल केली तर भणभणते.
मध्ये कुठेतरी केसभर उतार असतो,
तिथे ती बोलायला लागते.
कुठे, ते त्यांनी दाखवलं नाही.
दाखवता येत नसावं.
लॅकलनला विचारलं, फुगवटा किती?
त्याने घास गिळला. म्हणाला, पुरेसा.

खांब बारा.
समोर आठ, दोन्ही अंगांना वळून दोन-दोन.
मोजताना बोटं आपसूक एकतालात जातात:
धिं धिं, ही अलीकडची जोडी,
कोपरा वळला की धागे तिरकिट,
तू ना, कत् ता, सगळी दर्शनी रांग,
पुन्हा धागे तिरकिट,
आणि पलीकडे वळून धी ना.
दोन खांबांमधलं आभाळही
कुणीतरी मापूनच सोडलंय.

मग सम.
सम कुठे?

पैसे संपले म्हणे, दोनशे वर्षं होत आली.
छप्पर नाही, गाभारा नाही, मागची बाजूच नाही.
गावात काहीजण याला शहराची लाज म्हणतात.
लॅकलन नाही म्हणत.
काम बंद होणार हे कळल्यावरही, तो सांगतो,
बाराव्याची शेवटची पन्हळ बघ,
कुणी घाई केलेली नाही.

मी त्याला टाळी देऊन दाखवते.
तीन आवर्तनं तो चुकतो, हसतो,
मांडीवरचे पावाचे कण झटकतो.
चौथ्याला, धी ना झाल्यावर,
जिथे काहीच उभं नाही,
नुसती खाडी आणि पलीकडे फाइफचे डोंगर,
तिथे त्याची मान
बरोबर पडते.