लहान दांडा

दस्तगीर मिस्त्रींना आता डाव्या डोळ्यानं
फक्त उजेड दिसतो, उजव्यानं त्याहून कमी.
उद्यमनगरात चाळीस वर्षं इंजिनं उघडली,
आता माझ्या शेजारी बसतात
मांडीवर लशींचा थंड डबा धरून
आणि रस्ता कानानं बघतात.

भुदरगडच्या मागं डांबर संपतं,
तिथं हिरड्याखाली पहिला थांबा.
"हवा सोडा, बाई."
बत्तीसवरून अठरावर.
टायर बसकण मारतं,
रवंथ करायला बसलेल्या म्हशीगत पसरतं.
"आता त्याला दगड कळंल.
फुगलेल्याला काय कळत न्हाई,
माणसाचं बी तसंच,"
आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसतात, ठसका लागेपर्यंत.

पुढची दोन्ही हब मी वाकून फिरवते.
जीपला दोन दांडे. मोठा सगळ्यांना माहीत.
लहान खाली, गुडघ्याजवळ,
मुठीवरची अक्षरं झिजून गेलेली.
तो ओढला की गाडी म्हातारीच्या चालीनं चालते
आणि भिंत चढते.

"अंगठं भाईर."
चाकोरीत दगड लागला
की स्टिअरिंग हिसका मारून उलटं फिरतं;
मिस्त्रींचा उजवा अंगठा
अजून घास नीट धरत नाही.

उतारावर क्लचला पाय नको.
ब्रेकलाही जपून.
पायांना काही न करायला शिकवणं,
हेच मला सगळ्यात जड गेलं.
चढावर बंद पडली तर वळवायची नाही,
रिव्हर्स टाकून, आली त्या वाटेनं सरळ मागं.
"लाज वाटली तर वाटू दे.
आडवी झाली की लोळती."

ओढ्यात आधी काठी, मग मी, मग गाडी.
पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत.

त्या दिवशी गुडघ्याइतकंच होतं.
धाकू झोरेंची म्हैस अडली होती.
सड्यावरच्या एकाच दगडावर फोन लागतो,
त्यावर उभं राहून त्यांचं पोरगं ओरडत होतं,
पाय दिसतोय, एकच पाय!

धनगरवाड्याच्या अलीकडच्या वळणावर
वाट दरीकडं कलते.
तांबडी माती, खाली करवंदीची जाळी,
जाळीखाली काही नाही.
मला दिसत होतं, जाईल.
चाकाखालून चार खडे सुटले.

"थांबा."

"जातीय की, मिस्त्री!"

"खडं सुटल्यालं ऐकू आलं.
टेकल्यालं न्हाई आलं."

इंजिन बंद. हँडब्रेक. चाकांना दगड.
मिस्त्री बांधावर बसून राहिले,
मी दोऱ्या, साबण, पिशवी घेऊन
पळत, चालत, पळत निघाले,
आणि सगळी वाट त्यांना शिव्या देत होते.

म्हैस वाचली.
रेडकू हाताला लागलं तेव्हा गार होतं.
वीस मिनिटं आधी आले असते तर?
धाकूंनी विचारलं नाही.
त्यांनी हातावर पाणी घातलं, बराच वेळ.

परतताना मी त्या वळणावर थांबले.
पहाराच्या टोकानं कड ठोकून बघितली.
कड ढासळली नव्हती.
साधी भेगही नाही.
न झालेल्या अपघाताचा
पंचनामा कोण करणार?

"गेली बी असती गाडी,"
मिस्त्री म्हणाले, मी न विचारताच.
"मग?"
ते गप्प. बऱ्याच वेळानं,
"मला काय म्हाईत, बाई.
मला दिसत न्हाई."

लहान दांडा ओढला.
दोन्ही पाय उचलून जमिनीवर ठेवले,
इंजिनच गाडीला धरून खाली नेत होतं.
मिस्त्रींच्या मांडीवर आता
चिकाची बरणी, अजून कोमट,
प्यायला कुणी उरलं नाही म्हणून दिलेली.
सगळ्या उतारावर
ते तिच्या झाकणावर हात ठेवून होते,
झोपलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

हिरड्याखाली उतरून
पायपंपानं हवा भरली.
मी आकडे मोजत होते,
त्यांनी टायरवर बोटाचं हाड वाजवलं,
कान दिला.
"बस्स. हितनं फुडं रस्ता हाय."