टाचण्या तोंडात धरून

सरळ उभी राहा, जुसिलेनी.
पोट आत घेऊ नकोस. श्वास सोड.
तू पोट ओढलंस की माप खोटं येतं
आणि मग त्या मापाचे तीन हजार झगे
या साओ पाउलोत खोटे निघतात.
मापात पाप नको.

थांब, टाचणी.
हं.

फेइरा दे सांतानाहून दीड दिवस बसमध्ये बसून आलीस,
आणि पहिल्याच एजन्सीतल्या बाईनं
अल्बमचे पैसे मागितले?
दिलेस?
किती?

असू दे. रडू नकोस, कापड ओलं होईल.
जो काम देणार तो पैसे घेत नाही गं.
घेतो तो दुकानदार,
आणि तू गिऱ्हाईक.

हात वर.

तुझ्या वयाची असताना मी पन्नास नंबर घालायचे.
एका कॅटलॉगवाल्यानं मला सकाळी सहाला बोलावलं,
आणि कॅमेऱ्यापुढे उभी केली एक सडपातळ पोरगी,
कमरेला, मांड्यांना स्पंज गुंडाळून.
खाली ओळ छापली: भरदार बायांसाठी.
तो स्पंज मीच बांधला होता.
दिवसाची मजुरी मिळाली, कोशिन्या मिळाला, तोही थंड.
हे मी फारसं कुणाला सांगत नाही.

इथे दोन जातींची माणसं भेटतील तुला.
माप घेणारी,
आणि मापं काढणारी.
पहिल्यांच्या गळ्यात टेप असते, दुसऱ्यांना जीभ पुरते.
ओळखायला वेळ लागतो, कारण दुसरीही गोड बोलतात:
चेहरा काय सुंदर आहे तुझा!
चेहरा म्हणाले की समजून जा,
मानेखालचं त्यांनी वगळलं.

पिशवीत स्वतःची ब्रा ठेव, कातडीच्या रंगाची. तुझ्या कातडीच्या,
त्यांच्या नव्हे.
स्वतःचे बूट ठेव, एक्केचाळीस नंबरचे;
त्यांच्याकडे सदतीसच्या वर काही नसतं
आणि दिवसभर टाचा बाहेर लोंबत उभं राहावं लागतं.
मांड्या घासतात तिथे लावायला पावडर.
हे कुणी सांगत नाही. मी सांगते.

झगा आला नाही तर मागची शिवण उसवतील,
चिमटे लावतील, समोरून सगळं ठाकठीक.
फोटोत पाठ दिसत नाही.
त्या वेळी आपल्या अंगाला बोल लावू नकोस.
कापड कमी पडलं म्हणजे कापड कमी पडलं.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ना,
ते अंथरूण विकणारे म्हणतात.

करार घरी नेऊन वाच. चौथ्या पानावर असेल बारीक अक्षरात:
वजन वाढलं तरी रद्द, घटलं तरी रद्द.
त्यावर रेघ मारायला सांग.
नाही मारणार. तरी सांग.
पैसे किती दिवसांनी? नव्वद?
मग घरमालकिणीला आधीच सांगून ठेव,
तिला फॅशन कळत नाही, तारीख कळते.

आणि स्वतःवर प्रेम कर वगैरे
मी तुला सांगणार नाही.
ते पोस्टरवर असतं, त्याखाली तूच उभी राहशील हसत,
कदाचित ताप अंगात असताना.
प्रेम जमेल तेव्हा जमेल. भाडं वेळेवर भर.

कोपर खाली.

परवा लूझ स्टेशनच्या जिन्यात एक बाई दिसली,
दोन्ही हातांत पिशव्या, धापा टाकत,
अंगात आमचा निळा ब्लाउज, गेल्या हिवाळ्यातला.
तो मी स्वतःच्या अंगावर बेतला होता, रात्री, सगळे गेल्यावर.
तिसरं बटण ताणत नव्हतं.
पिशव्या उचलल्या तरी नाही.
मी तिच्या मागोमाग उलट दिशेला चार जिने चढले,
माझी गाडी गेली.

वळ. आता डावीकडे.
अगं, टोचलं का?
मग बोल की!
टोचल्यावर गप्प उभं राहायचं
हे कुणी शिकवलं तुला?