अगं

पुण्याहून एक पोरगा आला, कानात डूल,
फोनमध्ये आमचं गाणं.
म्हणाला, मावशी, ह्याला न्यू वेव्ह म्हणतात,
मला ह्याची पार्श्वभूमी पाहिजे.
म्हटलं, आधी चहा घे.
पार्श्वभूमी अशोक चौकाच्या मागं आहे,
दुसरा बोळ, पत्र्याचं छप्पर.
आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.

शहाऐंशी साल.
इरण्णा म्हेत्रेच्या दाजीनं मस्कतहून कॅसिओ आणलेला.
त्यात बारा जातीचे ढोल होते म्हणे,
पण सेल उतरलेले,
सगळे ढोल पडसं झाल्यागत वाजायचे.
इरण्णाच्या खोलीत एकच प्लग, तो घरमालकाच्या डोळ्यात.
आमच्या कारखान्यात चार.
कारखाना म्हणजे तरी काय, माग तीन,
आणि रात्रपाळीला एकटा नायना.

नायना म्हणाला,
माग बंद ठेवणार नाही. शनिवारी गाडी भरायची आहे.
तुम्ही वाजवा, मी विणतो.

पोरगा विचारतो, ड्रम मशीन कुठलं होतं?
म्हटलं, सुरतेचं. सेकंडहँड.
मिनिटाला एकशे दहा ठोके,
तेल घातलं तर एकशे पंधरा.
तो लिहून घेतो. मी हसत नाही.

टेपरेकॉर्डर कांड्यांच्या पेटीवर ठेवलेला.
माझं काम एवढंच:
इरण्णानं मान हलवली की लाल बटण दाबायचं
आणि खोकायचं नाही.
कापसाच्या धुळीत न खोकणं
हे काय सोपं काम आहे?

गाणं कुणासाठी होतं, मला ठाऊक नाही.
त्यात एक खिडकी होती, आणि अक्कलकोटची शेवटची एसटी.
आमच्या घराला खिडकी नव्हती
आणि अक्कलकोटला माझं कोणी नव्हतं.

दुसऱ्या कडव्यानंतर सगळं थांबतं ना,
माग थांबतो, कॅसिओ एकटाच गुणगुणतो लांबट,
आणि इरण्णाचा आवाज उघडा पडतो,
अंगावरचं पांघरूण कुणी ओढल्यासारखा.
त्याच्या आधी एक बाई लांबून म्हणते,
अगं.
पोरगा म्हणतो, मावशी, सगळे तिथंच अडकतात.
अगं कोण? कुणाला? रागानं की लाडानं?
कुणी म्हणतं ती मैत्रीण, कुणी म्हणतं तिची आई.

ते अगं नाही बाबा.
आगु.
आमच्या तेलुगूत आगु म्हणजे थांब.
नायनाला ओरडले मी, तार तुटली म्हणून.
तार तुटली की माग थांबवायचाच असतो.

तो खूश झाला. दोनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून,
आगु, आगु,
मग पाया पडून हुतात्मा गाठायला गेला.

त्याला एवढंच सांगितलं.

तार तुटली नव्हती.
अडीच हजार तारा जागच्या जागी होत्या.
नायनानं दांडा ओढला, बत्ती खाली धरली,
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेला.
मग माझ्याकडं बघितलं.
मी टेपच्या लाल दिव्याकडं.
इरण्णा डोळे मिटून गात होता, त्याला काय कळणार.
वर्षभर मी त्याला ऐकत होते
आणि वर्षभर मध्ये माग चालू होता.
एकदा तरी नुसता ऐकायचा होता.

नायना कोपऱ्यात बसला, विडी काढली, पेटवली नाही.
ओळ संपेपर्यंत बसला.
मग उठून दांडा ढकलला,
आणि लोक म्हणतात, ड्रम्स परत येतात
ती जागा कसली भारी आहे.

माग मध्येच थांबला की कापडावर आडवी रेघ उमटते.
धुतली तरी जात नाही.
तो टॉवेल सेकंडच्या ढिगात टाकायला हवा होता.
नायना तो खांद्यावर टाकून हिंडला,
नऊ वर्षं, चहाला, लग्नांना, सिव्हिलमध्येसुद्धा.
इरण्णा त्याच दिवाळीत हुबळीला गेला, रेल्वेत लागला.
माझं लग्न इचलकरंजीत.

नायनानं कधी विचारलं नाही.
फक्त तोंड पुसताना
टॉवेल उलटा धरायचा,
रेघ आतल्या बाजूला.