भांगाचा दिवस

वेंगुर्ल्याच्या कोर्टात मी टंकलेखिका.
साक्षीदार बोलतो, साहेब सांगतात,
मी उमटवते. स्वल्पविरामसुद्धा माझा नाही.

आज जमिनीचा खटला.
मिरजेचे यशवंत मगदूम, निवृत्त ड्रॉइंग मास्तर,
फंडातले साडेअकरा लाख मोजून
खाडीच्या तोंडाशी पाच गुंठे घेतले त्यांनी.
दाखवली तेव्हा कोरडी होती, म्हणाले,
सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथंच होतो,
काठीनं आखलंसुद्धा वाळूत: इथं दार, इथं तुळस.
पुढच्या अमावास्येला, दुपारी बारा वाजता,
त्या दारातून मुडदुशा आत शिरत होत्या.

बचावाचे वकील उठले.
"व्यवहार फसला, साहेब. फसवला नाही."
एका 'व'चं अंतर.
त्या 'व'वर दुपार गेली.

नुसतं खोटं पुरत नाही.
त्या खोट्यावर विसंबून पैसे सुटले का? सुटले.
एरवी सुटले असते? नसते.
नुकसान? मास्तरांनी घराचा नकाशा पुढे केला,
घड्यांवर फाटलेला, खिडक्या निळ्या रंगवलेल्या.
उरला एकच रकाना:
पैसे घेताना, त्याच घडीला,
प्रसन्न परुळेकराच्या मनात काय होतं.
नंतरचं मन कायद्याला चालत नाही,
आणि मनाचा पंचनामा होत नाही.

तिसऱ्या समन्सला शेवंती कुबल आली,
टोपली पट्टेवाल्याच्या राखणीत ठेवून.
"तेणां माका इचारल्यान, गो, भांग कधी?
मी सांगलंय, अष्टमीक."
"भांग म्हणजे?" साहेब लातूरचे.
"भरती मरते तो दिवस, साहेब. पाणी वर चढत नाही."
हे मी बोलले.
चौदा वर्षांत पहिल्यांदा, न विचारता.
"रेकॉर्डवर घेऊ नका," साहेब म्हणाले,
आणि कॅलेंडर मागवलं.
जागा दाखवली ती तारीख: वद्य अष्टमी.
परुळेकर इतका वेळ पंख्याकडे बघत होता.
आता चपलांकडे.

माझ्या पाटल्या थोरल्या भावानं नेल्या,
होडीच्या इंजिनासाठी. दिवाळीला सोडवतो म्हणाला.
अकरा दिवाळ्या झाल्या.
घरात मी त्याला चारशेवीस म्हणते,
आता नव्या संहितेप्रमाणे तीनशेअठरा.
आज भात उतू जाईपर्यंत उभी राहिले चुलीशी,
ती घडी आठवत.
पाटली निघेना, तर त्यानंच साबण आणून दिला,
मनगट सोलू नये म्हणून पाण्याची धार धरली,
आणि माझ्याहून जास्त तोच रडवेला.
त्यानं तिथी विचारली नव्हती.

पाटल्या गेल्या त्या गेल्याच.
त्याचा फोन आला तर उचलेन की नाही, ठाऊक नाही.

निकाल पुढच्या महिन्यात, सत्तावीसला.
पंचांग पाहिलं. पौर्णिमा आहे.
साहेब वाचायला घेतील तेव्हा
खाडी काठोकाठ असेल.