कडीचे डबे

जुन्या फायर स्टेशनात, जिथे बंब उभा असायचा,
तिथे आता आमच्या फळ्या.
दर गुरुवारी, चार ते सहा.
कागदाची गिरणी बंद पडली त्या वर्षापासून
ओडेट थिबोडो दार उघडते :
आधी गुडघा कुरकुरतो, मग कुलूप.

नियम एकच, तिनेच घातलेला.
कुणाला काही विचारायचं नाही.
पोचे आलेले डबे पुढे, बटाटे खाली,
कुणा शिकाऱ्याने दिलेलं मूसचं मांस फ्रीझरमध्ये.
हिशेबाची वही माझ्याकडे.

नोव्हेंबरात एक बाई येऊ लागली,
दोन मुलं, टोपी एक,
आळीपाळीने घातलेली.
घ्यायची फक्त कडीचे डबे,
बोटाने ओढून उघडणारे.
राजम्याचा मोठा डबा मी पुढे केला
तर हात मागे.
"चोखंदळ दिसते," मी नंतर म्हणालो.
ओडेटने माझ्याकडे नुसतं पाहिलं,
मग खिडकीबाहेर :
गाडीच्या काचा आतून धुरकटलेल्या,
मागच्या सीटवर उशी.

तेव्हापासून कडीचे डबे
खालच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात.
कोण ठेवतं, कुणी बोललं नाही.
मीही ठेवले.

मार्चमध्ये बर्फाचा चिखल झाला तेव्हा
ती आली, दोन्ही पोरांना टोप्या,
आणि कोपऱ्याकडे वळलीच नाही.
"पीठ आहे का?
आणि थोडं यीस्ट?
ओव्हन तापायला वेळ लावतो जरा, पण तापतो."

ओडेट खाली वाकून
बराच वेळ पिशवी शोधत राहिली.
पिशवी समोरच होती.

वहीत मी लिहिलं : पीठ, पाच पौंड.
यीस्ट लिहायचं राहून गेलं.